उचल येण्याआधीची चाहूल

मनगटावरचे घड्याळ, बोटावरचे ऑक्सिमीटर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या साहाय्याने फुफ्फुसांच्या आजाराची पूर्वसूचना मिळू शकते का? आणि ती मिळाल्यावर घराने काय करावे?

रोज सकाळी कोपऱ्यावरून दूध आणणारे आजोबा एके दिवशी म्हणतात, "आज तूच आण." दुसऱ्या दिवशी त्यांची अंघोळ दुपारवर जाते. तिसऱ्या रात्री डोक्याखाली एका उशीच्या दोन होतात. आजींच्या हे सारे लक्षात येते. त्या विचारतातही, "अहो, बरं वाटत नाहीये का?" "काही नाही, हवा बदललीय," असे उत्तर येते आणि विषय तिथेच थांबतो. आठव्या दिवशी पहाटे धाप इतकी लागते की तोंडचे वाक्यही पुरे होत नाही. मग रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या घरच्यांच्या मनात एकच विचार घोळत राहतो : आधी कळले असते तर?

ज्या घरात सीओपीडीचा रुग्ण आहे, त्या घराला हे चित्र परके वाटणार नाही. नीट पाहिले तर येथे आधी कळलेच होते. दूध, अंघोळ आणि उशी या तीन खुणा घरातल्यांनी पाहिल्या होत्या. त्यांची बेरीज मात्र कोणी केली नव्हती. ही बेरीज यंत्राकडून करून घेता येईल का, याचा शोध गेली काही वर्षे जगभर सुरू आहे. त्यात आपल्या उपयोगाचे काय आहे आणि कशावर विसंबू नये, हे समजून घेऊ या.

उचल म्हणजे काय?

सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांतील श्वासनलिका कायमच्या आक्रसण्याचा आणि वायुकोशांची झीज होण्याचा दीर्घकालीन आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख मृत्यू या आजाराने झाले. भारतात २०१६ साली या आजाराचे सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण असल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, ही समजूतही आता मागे पडली आहे. पुण्याचे श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, जगातील २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते, याकडे लक्ष वेधले. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा आपल्या आजी-आई त्यांत आल्या.

हा आजार एरवी संथ चालतो. मध्येच मात्र तो उचल खातो : धाप वाढते, खोकला वाढतो, कफाचे प्रमाण वाढते किंवा त्याचा रंग पिवळा-हिरवा होतो. बहुधा सर्दी-पडशाचा एखादा विषाणू, कधी जिवाणू, कधी दूषित हवा हे त्यामागचे कारण असते. ही उचल म्हणजे नुसते चार दिवसांचे आजारपण नव्हे. लंडनमध्ये १०१ रुग्णांच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास करून २००० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उचलीनंतर ३५ दिवसांत सुमारे ७५ टक्के वेळाच श्वासाचा जोर पूर्वपदावर आल्याचे त्यात दिसले. सुमारे ७ टक्के वेळा तर ९१ दिवसांनंतरही तो पूर्ववत झालेला नव्हता. प्रत्येक उचल जाताना थोडी शक्ती सोबत घेऊन जाते, असा घरोघरचा अनुभव आहे. ही आकडेवारी त्याला दुजोरा देते.

याच अभ्यासात आशेचा एक धागाही होता. उचल येण्याच्या आधीच्या आठवड्यात धाप, खोकला, घसा दुखणे, सर्दी अशा तक्रारी हळूहळू वाढत गेल्याचे रुग्णांच्या नोंदवह्यांत उमटले होते. म्हणजे आजार दार वाजवून येतो. त्याच गटाने २००४ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली : लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत सर्वसाधारणपणे पावणेचार दिवस निघून जातात आणि उपचार जितके लवकर, तितके बरे होणेही लवकर. जे रुग्ण आपली उचल डॉक्टरांना कळवतच नव्हते, त्यांना तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागण्याचा धोका अधिक होता. या सगळ्या खटाटोपाचा हेतू हे वाया जाणारे पावणेचार दिवस वाचवणे, हा आहे.

घरातली साधी यंत्रे काय पाहतात?

सर्वांत परिचयाचे यंत्र म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी यामागचे तत्त्व शोधले. करोनाच्या साथीत ते आपल्या घराघरांत पोहोचले. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवले जातात. प्राणवायूने भरलेले रक्त आणि रिकामे रक्त हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात आणि त्यावरून टक्केवारी निघते. हात गार असेल, नखांवर रंग असेल किंवा बोट हलत असेल, तर आकडा चुकतो. गडद वर्णाच्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी प्राणवायू प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवते, असेही अमेरिकेतील २०२०च्या एका अभ्यासात आढळले. म्हणून एका आकड्याने घाबरू नये आणि एका आकड्याने निश्चिंतही होऊ नये. शिवाय उचलीच्या सुरुवातीला प्राणवायूची पातळी बऱ्याचदा तग धरून असते, कारण शरीर श्वासाचा वेग वाढवून ती सांभाळते.

तो वेग, म्हणजे श्वसनगती, ही म्हणूनच अधिक बोलकी खूण ठरते. स्पेनमधील संशोधकांनी घरी ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णांच्या यंत्राला संवेदक जोडून श्वसनगती मोजली. रुग्णालयात दाखल व्हावे लागण्यापूर्वीच्या दिवसांत अनेकांची श्वसनगती वाढत गेल्याचे त्यांनी २०१२ साली नोंदवले. आज काही मनगटी घड्याळे आणि गादीखाली ठेवायचे संवेदक झोपेतली श्वसनगती अंदाजाने सांगतात.

तिसरी खूण पावलांची. मोबाइल किंवा घड्याळ दिवसभराची पावले मोजते. धाप वाढली की माणूस नकळत हालचाल आखडती घेतो. 'आज तूच आण' या वाक्याचे ते आकड्यांतले रूप आहे. चौथी खूण इनहेलरची. तत्काळ आराम देणारा पंप दिवसात किती वेळा ओढला, हे टिपणारे छोटे संवेदक आता इनहेलरला जोडता येतात. दोन वेळचा पंप चार वेळा लागू लागला, तर ती मोठी बातमी असते.

पाचवी खूण घराबाहेरची, म्हणजे हवेची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेली 'सफर' ही यंत्रणा पुणे, मुंबई, दिल्ली आणि अहमदाबाद या शहरांतील हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देत आली आहे. पण उसाचे पाचट पेटवल्याचा धूर, दिवाळीतले फटाके, बंद खोलीतली डासांची कॉइल, देव्हाऱ्यापुढचा धूप आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका यांची नोंद कोणत्याही शहराच्या निर्देशांकात सापडणार नाही. ती आपणच ठेवावी लागते.

बेरीज करणारी बुद्धी

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द भारदस्त असला तरी तिचे येथील काम एखाद्या अनुभवी परिचारिकेसारखे आहे. अनेक रुग्णांच्या जुन्या नोंदी तिला दिल्या जातात आणि कोणाला कोणत्या दिवशी उचल आली, हेही सांगितले जाते. त्यावरून उचलीच्या आधीच्या दिवसांत कोणते बदल एकत्र दिसतात, हे संगणक हुडकतो. नंतर तो एकेका रुग्णाचे 'नेहमीचे' शिकतो. कारण सीओपीडीत सर्वांना लागू पडणारा आकडा नसतो. एकाची नेहमीची प्राणवायू पातळी ९६ असते, तर दुसऱ्याची ९०. दुसऱ्यासाठी ९० हा नेहमीचा दिवस, तर पहिल्यासाठी तोच आकडा चिंतेचा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या आजींची नाडी ८४ वरून ९२ झाली, झोपेतली श्वसनगती मिनिटाला १८ वरून २१ झाली, पावले ३,००० वरून १,९०० वर आली आणि पंप दोनाऐवजी तीनदा लागला. यातला प्रत्येक बदल सुटा पाहिला, तर त्याला निमित्त सापडेल : पाहुणे आले होते, जागरण झाले, पाऊस होता. चारही बदल सलग तीन दिवस एकाच दिशेने झाले, तर मात्र निमित्ते पुरत नाहीत. चार लहान बदलांतून एक मोठा इशारा वाचणे, ही या बुद्धीची खरी उपयुक्तता.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे असा प्रयोग सरकारी आरोग्यसेवेतच झाला. तेथील रुग्ण मोबाइलवर रोज आपल्या लक्षणांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे देतात. काहींच्या मनगटावर हालचाल व नाडी टिपणारा पट्टा असतो. ज्यांना घरी श्वसनसहायक यंत्र लागते, त्या यंत्राची माहितीही आपोआप पोहोचते. कोणत्या रुग्णाकडे आधी लक्ष द्यावे, हे ठरवताना डॉक्टर-परिचारिकांच्या चमूला संगणकाच्या अंदाजाची जोड देण्याचा प्रयत्न पुढे याच उपक्रमातून झाला. या प्रयोगातील एक निरीक्षण आपल्यालाही धीर देणारे आहे : वयस्कर आणि बरेच आजारी असलेले रुग्णही दीर्घकाळ ही नोंद करत राहिले. 'या वयात हे आम्हाला जमणार नाही' असे म्हणण्याचे कारण नाही.

खोटी घंटा आणि एडिनबराचा धडा

आता दुसरी बाजू. समजा, एखाद्या रुग्णाला वर्षातून दोनदा उचल येते आणि यंत्राने प्रत्येक वेळी आधीच्या सात दिवसांत इशारा द्यावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे वर्षातले १४ दिवस धोक्याचे आणि ३५१ दिवस शांत. यंत्र धोक्याचे दहापैकी नऊ दिवस अचूक ओळखते आणि शांत दिवसांपैकी दहांतून एकदाच चुकते, असे मानू. ऐकायला हे यंत्र उत्तम वाटते. पण हिशेब केला तर वर्षात सुमारे १३ खऱ्या घंटा आणि सुमारे ३५ खोट्या. चारांतल्या तीन वेळा घर उगाच धास्तावणार. काही महिन्यांनी कोणी त्या घंटेकडे पाहणारही नाही आणि नेमकी खरी घंटा त्या दुर्लक्षात हरवेल. म्हणून जाहिरातीत '९० टक्के अचूक' असे वाचले, की खोटे इशारे किती येतात, हा प्रश्न अवश्य विचारावा.

एडिनबरा आणि परिसरातील २५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा धडा याहून मोठा आहे. निम्म्या रुग्णांच्या घरी रोजची लक्षणे आणि प्राणवायूची पातळी नोंदवून पाठवणारी उपकरणे दिली गेली. उरलेल्यांना उपकरणांविना तशीच वैद्यकीय सेवा मिळाली. वर्षअखेर पाहिले तर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होती. चांगली सेवा दोन्ही गटांना मिळत होती. उपकरणाने तिच्यात विशेष भर घातली नाही. आजची यंत्रे तेव्हापेक्षा हुशार आहेत, हे खरे. पण इशारा मिळाल्यावर करायचे काय, हे ठरलेले नसेल, तर हुशार इशाराही भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेइतकाच निरुपयोगी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बारा देशांतील २,१३८ रुग्णांचा तीन वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुढच्या उचलीचे सर्वांत चांगले भाकीत कशावरून करता येते, याचे उत्तर अगदी साधे निघाले : पूर्वी आलेल्या उचलींवरून. गेल्या वर्षी दोनदा उचल आली असेल, तर यंदा अधिक सावध राहावे. हे सांगायला वहीचे एक पान पुरे.

घराचा स्वतःचा आराखडा

यंत्र घ्यावे की नाही, हा निर्णय नंतरचा. त्याआधी पुढील गोष्टी प्रत्येक घराला करता येण्याजोग्या आहेत.

१. नेहमीचे काय, ते ठरवा. प्रकृती ठीक असताना दोन आठवडे रोज एकाच वेळी, पाच मिनिटे शांत बसल्यानंतर, प्राणवायूची पातळी आणि नाडी लिहून ठेवा. आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट मोजा. शक्यतो रुग्णाचे लक्ष नसताना किंवा झोपेत, कारण कोणी मोजते आहे हे कळले की श्वास बदलतो.

२. चार प्रश्न रोज विचारा. धाप कालच्यापेक्षा जास्त आहे का? खोकला वाढला का? कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला का? पंप किती वेळा लागला? उत्तरे एका ओळीत लिहा.

३. तीन रंगांचा कागद डॉक्टरांकडून भरून घ्या. हिरवा म्हणजे नेहमीसारखा दिवस : ठरलेली औषधे आणि झेपेल तितके चालणे. पिवळा म्हणजे लक्षणे वाढल्याचा दिवस : त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे आणि त्यांनी आधी लिहून दिलेल्या सूचना पाळायच्या. उरलेली प्रतिजैविके किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. लाल म्हणजे तातडी : वाक्य पुरे करता येत नाही, ओठ निळसर पडले, छातीत दुखते, रुग्ण गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतो, प्राणवायू डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली गेला. अशा वेळी घड्याळ काय सांगते हे न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

४. ऑक्सिजनचा प्रवाह स्वतः वाढवू नका. सीओपीडीच्या काही रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ टक्के हीच योग्य पातळी ठरवून देतात. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. आकडा ९८ व्हावा, या मायेपोटी केलेली घाई जिवावर बेतू शकते.

५. मुळाकडे लक्ष द्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींविषयी डॉक्टरांना विचारा. इनहेलर ओढण्याची पद्धत पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर करून दाखवा. अनेकांची ती चुकते. घरातला धूर कमी करा. भाकीत चुकू शकते. न आलेली उचल मात्र शंभर टक्के फायद्याची.

पाळत नको, सोबत हवी

शेवटची गोष्ट आकड्यांत मांडता येणार नाही. मुलगा परदेशात असतो. काळजीपोटी तो आईच्या मनगटावर घड्याळ बांधून जातो. मग रोज रात्री फोन येतो : "आई, आज पावलं एवढी कमी का?" आठवड्याभरात आईला ते घड्याळ म्हणजे शाळेतली हजेरी वाटू लागते. महिन्याभरात ते कपाटात जाते. यात मुलाची माया खोटी नाही आणि आईचा त्रागाही खोटा नाही.

म्हणून उपकरण आणण्यापूर्वी एकदा एकत्र बसून बोलावे. काय मोजले जाणार, ते कोण पाहणार, फोन कोणत्या कारणासाठी करायचा आणि कोणत्या कारणासाठी करायचा नाही, हे ज्यांच्या शरीराची ही माहिती आहे त्यांनी ठरवावे. ही माहिती उपकरणाच्या कंपनीकडेही जाते. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला असून, माहिती वापरण्यासाठी संमती घेणे हा त्याचा पाया आहे. 'सहमत आहे' या चौकोनावर बोट ठेवण्यापूर्वी घरातल्या जाणत्या नातवंडाकडून ती अट वाचून घ्यावी.

ज्येष्ठ वाचकहो, आपल्यालाही एक विनंती. 'काही नाही, हवा बदललीय' हे उत्तर आपण घरच्यांना त्रास नको म्हणून देता. पण लंडनच्या त्या रुग्णांची नोंदवही सांगते, की पहिली सूचना यंत्राच्या आधी आपल्यालाच मिळत असते. दूध आणायला जाववत नाही, दुसरी उशी लागते, हे त्याच दिवशी सांगून टाका. आणि घरच्यांनो, ते सांगितले की चेष्टा नको, रागावणेही नको. वही उघडा, कालची ओळ पाहा आणि पिवळ्या रंगाचा कागद हातात घ्या. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना फोन गेलेला असावा.